माझ्या आवडत्या नर्तकी

प्रत्येकास कांहीं ना कांहीं छंद असतो. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी क्रिकेटच्या धावांचे आंकडे तोंडपाठ करून ठेवतो, कोणी फुलझाडांच्या कुंड्यांपुढें सारी सकाळ घालवितो. असा छंदी मनुष्य आपल्या आवडीविषयीं बोलूं लागला म्हणजे ऐकणारा हळूच घड्याळाकडे पाहूं लागतो, हेंही सर्वांच्या अनुभवाचें आहे. माझा छंद तर त्याहूनही चमत्कारिक. मला पाश्चात्य बॅलेचा नाद आहे. मी स्वतः एक पाऊलही नाचत नाहीं, आणि या जन्मीं नाचेन असेंही नाहीं. परंतु गेलीं चाळीस वर्षें कांहीं नर्तकींनीं माझ्या मनांत घर केलें आहे. त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे, आणि त्यांच्या नादापायीं माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावी, एवढ्याच हेतूनें आज लेखणी हातीं घेतली आहे. वाचकांनीं घड्याळाकडे जरूर पाहावें. पण शेवटपर्यंत थांबावें, ही विनंति.

बॅले म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बॅले म्हणजे शब्दांवांचून सांगितलेली गोष्ट. रंगभूमीवर कोणी बोलत नाहीं, कोणी गात नाहीं. खालीं वाद्यवृंद वाजत असतो आणि वर सारें कथानक केवळ शरीराच्या हालचालींनीं उलगडत जातें. आपल्याकडील नृत्याची व या नृत्याची प्रकृति अगदीं निराळी. आपली नर्तकी भूमीशीं नातें जोडते. गुडघे दुमडून, तळपाय जमिनीवर ठामपणें आपटून ती ताल धरते, आणि तिचे डोळे व हातांचीं बोटें कथा सांगतात. बॅलेची नर्तकी उलट भूमि सोडूं पाहते. आपल्या देहाला वजनच नाहीं असें भासविण्याचा तिचा सारा यत्न. १८३२ सालीं पॅरिस येथें मारी तालिओनी या नर्तकीनें 'ला सिल्फीद' या बॅलेंत वायुकन्येची भूमिका केली, आणि पायाच्या बोटांच्या टोंकांवर उभें राहून नाचण्याला तेव्हांपासून खरें काव्य लाभलें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, या नर्तकींच्या जोड्यांत लांकूड किंवा लोखंड बसविलेलें असतें. तसें कांहीं नसतें. कापडाचे व कागदाचे थर खळीनें चिकटवून जोड्याचें टोंक कडक केलेलें असतें आणि त्यावर साटिन चढविलेलें असतें, इतकेंच. मुख्य नर्तकीचा असा एखादा जोड एका रात्रींतच मऊ पडून निकामी होतो.

माझी व बॅलेची पहिली भेट भूमितीच्या वहीवर झाली. माझ्या लहानपणीं रशियाहून गुळगुळीत कागदाचीं मासिकें फार स्वस्तांत मिळत, आणि जून महिन्यांत शाळा सुरू होतांना त्यांच्या पानांचीं कव्हरें वह्यापुस्तकांना घालण्याची चाल घरोघर होती. कोणाच्या वहीवर ट्रॅक्टर येई, कोणाच्या वहीवर अंतराळवीर. माझ्या वांट्यास आलेल्या पानावर पांढऱ्या पिसांचा पोषाख केलेली एक स्त्री होती. तिचे हात पंखांसारखे मागें पसरलेले, मान किंचित् वांकलेली, आणि सर्व देहाचा भार पायाच्या एका टोंकावर. वर्षभर ती माझ्यासमोर होती. त्या वहींतलीं प्रमेयें मी केव्हांच विसरलें; तिला मात्र विसरलें नाहीं.

आमचे वडील जुन्या वळणाचे होते. नाच म्हटला कीं त्यांच्या कपाळाला आंठी पडे. मीं एकदां धीर करून म्हटलें, "बाबा, दावीद राजासुद्धां कराराच्या कोशापुढें नाचला होता ना?" ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तो राजा होता. तूं आधीं भूमिति कर." पण तें कव्हर काढून टाक, असें मात्र ते कधीं म्हणाले नाहींत.

पुढें मला कळलें कीं, चित्रांतली ती नर्तकी म्हणजे मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहाची माया प्लिसेत्स्काया. तिचा जन्म १९२५ सालचा. ती बारा-तेरा वर्षांची असतांना स्टालिनच्या राजवटींत तिच्या वडिलांना गोळी घालण्यांत आली आणि आईची रवानगी तान्ह्या मुलासह बंदिवासांत झाली. मावशी नर्तकी होती. तिनें हिला सांभाळलें. ज्या राजसत्तेनें बापाला मारलें, तिच्याच पाहुण्यांपुढें ही मुलगी पुढें अनेक वर्षें राजहंसी होऊन नाचली. हें समजल्यावर मीं तें जुनें चित्र मनांत पुन्हां पाहिलें. त्या लांबसडक बाहूंत केवळ सौंदर्य आहे, असें मी समजत होतें. त्यांत एक प्रकारचा ताठा आहे, न मोडण्याचा निश्चय आहे, हें तेव्हां मला प्रथम दिसलें.

परंतु माझ्या देव्हाऱ्यांतलें पहिलें स्थान आना पाव्हलोव्हा हिचें. तिला मीं पाहिलेलें नाहीं. पाहणें शक्यच नव्हतें. तिच्या नृत्याचीं थोडीं जुनीं चित्रपटांचीं तुकडीं उरलीं आहेत, तेवढींच काय तीं. तरीही तिचें नांव घेतल्यावांचून बॅलेच्या भक्ताला पुढें जातां येत नाहीं. १८८१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें एका धुणें धुणाऱ्या बाईच्या पोटीं ती जन्मली. आठ-नऊ वर्षांची असतांना आईनें तिला 'निद्रिस्त राजकन्या' हा बॅले दाखविण्यास नेलें आणि त्याच रात्रीं तिनें ठरविलें कीं, आपण हेंच करावयाचें. पहिल्या खेपेस वय लहान म्हणून राजनृत्यशाळेनें तिला परत पाठविलें. १८९१ मध्यें प्रवेश मिळाला. त्या काळीं ठेंगण्या, दणकट बांध्याच्या नर्तकींची चलती होती, आणि ही काडीसारखी बारीक, घोटे नाजूक, तळव्यांची कमान अतिशय उंच. दणकट नर्तकींच्या कसरती करणें तिला साधेना. शेवटीं तिचा दुबळेपणा हाच तिचा गुण ठरला. मिखाईल फोकीन यानें तिच्यासाठीं 'मरणोन्मुख हंसी' हें अवघ्या दोन-चार मिनिटांचें नृत्य रचिलें. संगीत फ्रेंच संगीतकार सँ-सांस याचें. त्यांत उड्या नाहींत, गिरक्यांची चढाओढ नाहीं. हंसी बारीक पावलांनीं थरथरत फिरते, उठूं पाहते, पुन्हां वांकते आणि मिटून जाते. एवढेंच. पण तें पाहून देशोदेशींचे लोक रडत.

पाव्हलोव्हानें जें केलें तें दुसऱ्या कोणीही केलें नाहीं. राजधानींतलें मानाचें स्थान सोडून ती आपली मंडळी घेऊन जगभर हिंडली. ज्या गांवांनीं बॅले हा शब्दही ऐकलेला नव्हता, तेथें ती नाचली. लंडनमधील तिच्या घरच्या तळ्यांत हंस पाळलेले होते आणि त्यांच्या मानेची लकब ती तासन् तास न्याहाळीत असे. १९३१ च्या जानेवारींत हॉलंडमधील हेग शहरीं फुफ्फुसांच्या विकारानें ती वारली. त्यानंतर लंडनमध्यें एका कार्यक्रमांत हंसीचें संगीत वाजविण्यांत आलें. रंगमंच मोकळा होता, प्रकाशाचा एक झोत तेवढा फिरत राहिला, आणि सारे प्रेक्षक उठून उभे राहिले. ही हकीकत मीं कितीदां वाचली असेल त्याला गणति नाहीं. पण अजूनही ती वाचतांना पुढलीं अक्षरें पुसट होतात.

या बाईचे आपल्या देशावर उपकार आहेत, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. १९२२ च्या सुमारास ती हिंदुस्थानांत आली. अजिंठ्याच्या लेण्यांचा तिच्या मनावर असा कांहीं परिणाम झाला कीं, १९२३ सालीं तिनें लंडनमध्यें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक बॅलेच बसविला. त्याच वर्षीं तिला लंडनमध्यें एक तरुण हिंदी चित्रकार भेटला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेला हा तरुण म्हणजेच उदयशंकर. तिच्या 'राधा-कृष्ण' नृत्यांत ती राधा झाली आणि तो कृष्ण. पुढें १९२८ सालीं ती मुंबईस नाचली, तेव्हां तिला पाहून रुक्मिणीदेवी अरुंडेल भारावून गेल्या. त्यांनीं बॅले शिकण्यास आरंभही केला. परंतु पाव्हलोव्हानेंच त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला दिला. रुक्मिणीदेवींनीं १९३६ मध्यें मद्रासला 'कलाक्षेत्र' स्थापिलें. आमच्या मुंबईंतल्या लीला सोखे, ज्यांना लोक मेनका या नांवानें ओळखतात, त्यांनाही तिनें उत्तेजन दिलें; त्यांनीं कथ्थक नृत्य रंगमंचावर मानानें आणलें आणि पुढें खंडाळ्यास नृत्यशाळा काढली. दुसऱ्याच्या घरीं जाऊन आपली वस्तु विकणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या घरीं जाऊन 'तुमच्याच पेटींत रत्न आहे, तें उघडून पाहा' असें सांगणारा पाहुणा विरळा.

याच्या उलट एक गंमत सांगतें. पाश्चात्यांनीं आपल्या कल्पनेंतला हिंदुस्थान बॅलेंत पुष्कळदां आणला आहे. १८३८ सालीं दक्षिणेंतल्या कांहीं देवदासी पॅरिसला गेल्या होत्या. तेथल्या तेओफील गोत्ये नांवाच्या कवीनें त्यांचें नृत्य पाहिलें व त्यांतील अमनी नांवाच्या नर्तकीवर तो लुब्ध झाला. याच गोत्येनें १८४१ मध्यें 'जिझेल' या सुप्रसिद्ध बॅलेची कथा रचण्यांत भाग घेतला आणि १८५८ मध्यें कालिदासाच्या शकुंतलेवरही बॅले लिहिला. पुढें रशियांत १८७७ सालीं मारियुस पेतिपा यानें 'ला बायादेर' बसविला. त्याचें स्थळ हिंदुस्थान; पण नायिकेचें नांव निकिया आणि नायकाचें नांव सोलोर! असलीं नांवें आपल्या कोणत्या प्रांतांत ठेवतात, हें मला अजून कोणी सांगितलेलें नाहीं. हंसूं येतें खरें. पण त्याच बॅलेंत एक प्रवेश असा आहे कीं, तो पाहतांना हंसूं मावळतें. मृत नायिकेचा शोध घेत नायक छायांच्या लोकीं जातो. अंधारांतून एका उतारावरून एक शुभ्रवस्त्रा नर्तकी येते, एक पाय मागें उचलून वांकते, सरळ होते, दोन पावलें पुढें येते. तिच्यामागून दुसरी येऊन तेंच करते. मग तिसरी, चौथी. मोठ्या मंडळींत अशा बत्तीस जणी एकामागून एक उतरतात. जी सर्वांत पुढें असते तिला तीच कठिण मुद्रा तीसहून अधिक वेळां, तितक्याच स्थिरपणें घ्यावी लागते. तिचें नांव बहुधा कोणाच्या लक्षांतही राहत नाहीं. आपली मान किंवा पाय इतरांहून इंचभरही वर जाऊं नये, यांतच तिची कसोटी. एकीचा पाय डळमळला तर साऱ्या स्वर्गाचा भंग होतो. शाळेच्या प्रार्थनेच्या रांगा पाहतांना मला कधीं कधीं हा प्रवेश आठवतो. अर्थात् आमच्या रांगांतला स्वर्ग पुष्कळदां भंगलेला असतो!

माझी तिसरी आवडती नर्तकी गालिना उलानोव्हा. १९१० सालचा तिचा जन्म. आईबाप दोघेही नर्तक. आई मारिया रोमानोव्हा हीच तिची पहिली शिक्षिका. लहानपणीं ती अतिशय लाजरी होती. पुढें जगप्रसिद्ध झाल्यावरही ती फार थोडें बोले. १९५६ सालीं बोल्शोयची मंडळी प्रथम लंडनला गेली, तेव्हां उलानोव्हा ४६ वर्षांची होती आणि भूमिका होती ज्युलियटची, म्हणजे चौदाही न भरलेल्या मुलीची. पडदा वर गेला तेव्हां प्रेक्षकांना एक साधारण चेहऱ्याची प्रौढ स्त्री दिसली असेल. थोड्या वेळानें मात्र त्यांना ज्युलियटवांचून दुसरें कोणी दिसेना. त्या भूमिकेचा १९५५ सालचा चित्रपट मीं अनेकदां पाहिला आहे. त्यांत एका ठिकाणीं ज्युलियट विरक्त पाद्रीबाबांच्या कोठडीकडे धांव घेते. ती तेथें नाचत नाहीं. ती नुसती धांवते. मागें वस्त्र फडफडतें आहे, छाती पुढें झेपावली आहे. जगांत एवढी गाजलेली साधी धांव दुसरी नसेल. ज्याला सर्व कांहीं येतें त्यालाच, केव्हां कांहींही करूं नये, हें कळतें. ही गोष्ट मीं तिच्याकडून शिकलें.

चौथें स्थान एकीचें नाहीं, जोडीचें आहे. मार्गो फाँटेन ही इंग्लंडची नर्तकी. रूडॉल्फ नुरेयेव्ह हा रशियांतला, उफा गांवच्या गरीब मुसलमान तातार कुटुंबांतला मुलगा. त्याच्या आईजवळ एकच तिकीट असतांना गर्दीच्या रेट्याबरोबर तिनें सगळ्या मुलांना नाट्यगृहांत आंत नेलें, आणि त्या रात्रीं त्या सात वर्षांच्या मुलाचें आयुष्य ठरून गेलें. बाप सैनिक, त्याला मुलाचा हा नाद मुळींच पसंत नव्हता. सतराव्या वर्षीं, म्हणजे इतर मुलांच्या मानानें फारच उशिरां, तो लेनिनग्राडच्या नृत्यशाळेंत दाखल झाला. १९६१ च्या जूनमध्यें पॅरिसच्या विमानतळावर त्यानें मायदेशीं परत जाण्याचें नाकारिलें आणि दुसऱ्या वर्षींच्या फेब्रुवारींत तो फाँटेनसह लंडनमध्यें 'जिझेल' नाचला. तो २३ वर्षांचा, ती ४२ वर्षांची. हिनें आतां निवृत्त व्हावें असें लोक म्हणूं लागले होते, तेथून तिचें दुसरें आयुष्य सुरू झालें. 'जिझेल'ची कथा थोडक्यांत अशी: विश्वासघातानें एक भाबडी खेडवळ मुलगी वेडी होऊन मरते, रात्रीं तिच्यासारख्याच फसविल्या गेलेल्या मुलींचीं भुतें त्या विश्वासघातक्याला नाचवून नाचवून मारूं पाहतात, आणि ही मेलेली मुलगी पहांट होईपर्यंत त्याला वांचविते. क्षमा म्हणजे काय, हें शब्दांवांचून सांगणारी दुसरी एवढी सुंदर कथा मला ठाऊक नाहीं.

इतकीं वर्षें हें सारें मीं पडद्यावरच पाहिलें होतें. प्रत्यक्ष बॅले पाहण्याचा योग फार उशिरां आला. एका फिरत्या मंडळीनें मुंबईस 'हंस-सरोवर' केला. या बॅलेचें भाग्यही विचित्र आहे. १८७७ सालीं मॉस्कोस तो प्रथम झाला तेव्हां कोणास फारसा रुचला नाहीं. १८९५ मध्यें पेतिपा व इव्हानोव्ह यांनीं सेंट पीटर्सबर्गला नव्यानें बसविल्यावर त्याची कीर्ति झाली. पण संगीतकार चायकोव्हस्की त्यापूर्वींच, १८९३ सालीं, वारला होता. मीं पुढल्या रांगेचें तिकीट काढलें. किंमत घरीं सांगितली नाहीं. राजहंसी रांगेनें आल्या, आणि मला जें प्रथम जाणवलें त्यानें मी चकित झालें. त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. टप्, टप्, टप्, असा कोरडा, लांकडी आवाज. पडद्यावर तो संगीताखालीं दडून जात असे. मुख्य नर्तकी गिरक्या घेऊन पडद्याआड गेली तेव्हां कडेला बसलेल्या मला ती क्षणभर दिसली. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती वांकली होती आणि एखाद्या ओझेंवालीप्रमाणें धापा टाकीत होती. दुसऱ्या क्षणीं सरळ होऊन, हंसतमुखानें ती पुन्हां प्रकाशांत आली.

त्या दृश्यानें मी भारून गेलें. आणि येथेंच माझ्या चुकीची कहाणी सुरू होते.

त्या वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं मुलींची एक नृत्यनाटिका बसविण्याचें काम माझ्याकडे होतें. तालमी चालल्या असतां मी मुलींना या नर्तकींच्या गोष्टी सांगत असें. नर्तकींच्या अंगठ्यांतून रक्त येतें, नखें निघतात, तरी चेहऱ्यावर त्या कळूं देत नाहींत. खरा कलावंत वेदना गिळून हंसतो, असें मी मोठ्या आवेशानें सांगितलें. मुली डोळे विस्फारून ऐकत. मला वाटे, मी त्यांना उच्च ध्येय देत आहें.

संमेलन झालें. इयत्ता आठवींतल्या ज्या मुलीकडे मुख्य काम होतें, ती सुंदर नाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वसतिगृहांतून निरोप आला कीं, तिला पाय टेंकवत नाहीं. मी गेलें. घोटा सुजून काळानिळा पडला होता. चौकशी करतां कळलें कीं, दोन दिवसांपूर्वीं जिन्यावर तिचा पाय मुरगळला होता. तिनें कोणास सांगितलें नाहीं. ओढणीची पट्टी फाडून घट्ट बांधली, वरून पायमोजा चढविला आणि तशीच नाचली. डॉक्टरांनीं फोटो काढला. हाडाला बारीक चीर होती. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्यें ठेवावा लागला.

तिला घरीं नेण्यास तिचे वडील आले. साधा शेतकरी मनुष्य. ते रागावतील, कांहीं बोलतील, अशी मीं मनाची तयारी केली होती. ते रागावले नाहींत. टोपी हातांत घेऊन त्यांनीं एवढेंच विचारलें, "बाई, एक सांगा. तिनं तुम्हांला कां नाहीं सांगितलं? तुमचा तर तिला भारी लळा."

मला उत्तर देतां येईना. उत्तर त्या मुलीनेंच दिलें. खाटेवर बसल्या बसल्या ती खालीं मान घालून म्हणाली, "बाई म्हणाल्या होत्या ना, कळूं द्यायचं नाहीं म्हणून."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. माझ्या साऱ्या आवडत्या नर्तकी जणूं माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मीं त्यांच्याविषयीं जें सांगितलें होतें तें खोटें नव्हतें. पण तें अर्धें सत्य होतें, आणि कोवळ्या मुलांपुढें अर्धें सत्य ठेवणें धोक्याचें असतें. बॅलेच्याच इतिहासांत एमा लिव्ही नांवाच्या मुलीची कथा आहे. ती मीं वाचलेली होती. पण मुलींना सांगितली नव्हती. ही तालिओनीची लाडकी शिष्या. फुलपांखराची भूमिका तिनें ज्या बॅलेंत केली, त्यांत फुलपांखराचे पंख मशालीच्या ज्योतीनें होरपळतात. त्या काळीं रंगमंचावर वायूचे उघडे दिवे असत आणि झगे आगींत सांपडूं नयेत म्हणून कापडास औषध लावण्याची युक्ति निघाली होती. औषधानें कापड ताठ व मळकट दिसतें म्हणून लिव्हीनें तसला झगा घालण्याचें नाकारिलें. १८६२ च्या नोव्हेंबरांत तालमीच्या वेळीं तिच्या झग्यानें पेट घेतला. आठ महिने यातना भोगून ती वारली. वय अवघें वीस. तिच्या सौंदर्यावर टाळ्या वाजविणाऱ्या आमच्यासारख्या रसिकांचा त्या मरणांत कांहींच वांटा नसेल काय?

मग मीं माझ्या पुस्तकांतली दुसरी बाजूही शोधून वाचूं लागलें. चांगल्या नृत्यशाळांत मुलीला बोटांच्या टोंकांवर एकदम उभें करीत नाहींत. आधीं कांहीं वर्षें साध्या, मऊ जोड्यांत पाय तयार करतात. सामान्यतः अकराव्या-बाराव्या वर्षांपर्यंत, पायाचीं हाडें व स्नायु बळकट होईपर्यंत, वाट पाहतात. जगांतली सर्वांत मोठी नर्तकीही रोज सकाळीं लांकडी दांड्याला हात लावून गुडघे वांकविण्याच्या पहिल्या धड्यापासून आरंभ करते. पाव्हलोव्हा आपल्या नाजूक तळव्यांना आधार मिळावा म्हणून जोड्यांत चामडें बसवून घेई, आणि त्याबद्दल टीका झाली तरी तिनें तें सोडलें नाहीं. म्हणजे सोसणें हा कलेचा एक भाग असला, तरी जपणें हा तिचा पाया आहे. मीं मुलींना कळस दाखविला आणि पाया सांगितलाच नाहीं.

पालकांनाही येथें एक शब्द सांगावासा वाटतो. परीक्षा असो, खेळ असो, गाणें असो, 'सहन कर, रडूं नको' हें आपण फार सहज बोलून जातों. मूल रडत नाहीं याचें आपल्याला कौतुक वाटतें. परंतु मूल रडत नाहीं याचें कारण धैर्य आहे, कीं आपलें कौतुक गमावण्याची भीति आहे, हें पाहण्याइतकी सवड आपण काढली पाहिजे. देवानें दिलेलें शरीर ही ठेव आहे. तिचा उपयोग करावा, तिची उधळपट्टी करूं नये. आणि मुलास जर खरीच आवड असेल तर तिला आडवेंही येऊं नये. नवी मुंबईच्या एका वेल्डरचा मुलगा, अमीरुद्दीन शाह, २०१७ सालीं लंडनच्या राजमान्य नृत्यशाळेपर्यंत पोंचला. लोकांनीं वर्गणी जमवून त्याला पाठविलें. उफाच्या त्या मुलाप्रमाणें यालाही प्रथम कोणीतरी दार उघडून दिलेंच असेल.

माझा छंद सुटला का, असें कोणी विचारील. नाहीं सुटला. अजूनही रात्रीं कामें आटोपल्यावर मी उलानोव्हाची ती धांव पाहतें, फाँटेन व नुरेयेव्ह यांची ती पहांट पाहतें. मात्र पूर्वीं मी केवळ पाय पाहत असें. आतां त्या पायांना होणारें दुःखही दिसतें, आणि त्यामुळें प्रेम कमी न होतां उलट वाढलें आहे.

ती मुलगी बरी झाली. दुसऱ्या वर्षीं मुख्य काम पुन्हां तिलाच द्यावें असें माझ्या मनांत होतें. ती म्हणाली, "नको बाई. मी लहान मुलींना शिकवितें." मीं होकार दिला. पहिल्या तालमीच्या दिवशीं मी दाराशीं उभी राहून पाहत होतें. पांचवीच्या चिमुकल्या मुली रांगेनें उभ्या होत्या. रांग वांकडी होती. ही त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि नृत्याचें एकही पाऊल दाखविण्यापूर्वीं म्हणाली, "हें बघा, कुणाला कुठं दुखलं तर लगेच सांगायचं. नाचायचं नंतर."

मी दारावरून हळूच परत फिरलें. त्या दिवशीं मला तेथें शिकविण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.